अळीची लाळच तिचा पत्ता फोडते! मक्याचा वास आणि ३ मिलिमीटरची माशी

मक्याच्या शेतात एक अळी पान कुरतडतेय. रंग पानासारखाच हिरवा, स्वतःचा वास जवळजवळ नाही. तिच्या मागावर असलेली गांधीलमाशी जेमतेम ३ मिलिमीटरची. मग हजारो रोपांमधून ती नेमकी त्याच रोपावर कशी पोहोचते?

वासामुळेच. पण तो वास अळीचा नसतो, मक्याचा असतो.

ही माणसाला डसणारी गांधीलमाशी नव्हे. 'कोटेशिया मार्जिनिव्हेंट्रिस' नावाची ही जात अमेरिकेतली. मादी अळीच्या अंगात एक अंडं घालते. आतलं पिल्लू अळीला पोखरत वाढतं आणि बाहेर येऊन कोष विणतं. अळी मरते. अशा कीटकांना परोपजीवी म्हणतात, शेतकऱ्यांसाठी ते मित्रकीटक.

लाळ लावली आणि वास सुटला

१९९० मध्ये टेड टर्लिंग्स, जेम्स टमलिन्सन आणि जो लुईस यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला. मक्याची पानं नुसती खरवडली, तर फारसं काही घडलं नाही. पण त्याच जखमांवर लष्करी अळीच्या तोंडातला स्राव लावला, तेव्हा काही तासांनी रोपांतून वेगळाच वास भरपूर सुटला. माशा तिकडेच वळल्या.

गवत कापल्यावर जो हिरवा वास येतो, तो कुठल्याही जखमेनंतर लगेच येतो. विळ्यानं कापा नाहीतर गुरांनी खावं. हा दुसरा वास मात्र रोप नव्याने तयार करतं आणि अळीने न खाल्लेल्या पानांतूनही तो बाहेर पडतो. म्हणजे सगळं रोपच दरवळतं.

लाळेत असं होतं तरी काय? १९९७ मध्ये ते रसायन सापडलं, नाव व्होलिसिटिन. गंमत म्हणजे त्यातलं स्निग्धाम्ल अळीला मक्यातूनच मिळतं, अळी त्यात स्वतःची भर घालते. मक्याचंच खाऊन मक्यालाच चाहूल देते!

या माश्या शिकतातही. 'मायक्रोप्लायटिस क्रोसिपेस' या जातीला व्हॅनिला आणि चॉकलेटचे वास शिकवले गेले, एक खाण्याशी जोडून, दुसरा अळीशी. भुकेली माशी खाण्याच्या वासाकडे गेली, पोट भरलेली अळीच्या.

मग झाड मदतीला हाक मारतं का?

हेडलाइनला हे वाक्य झकास दिसतं, पण जरा जपूनच घ्यावं. वास एकदा हवेत गेला की तो कोण हुंगणार, हे झाडाच्या हातात नसतं. नेदरलँड्समधल्या २०१२ च्या एका अभ्यासात कोबीवर हेच दिसलं. 'लिसिबिया नाना' ही दुसरी एक माशी कोटेशियाच्या कोषात अंडी घालते. ज्यांच्या अंगात कोटेशियाची पिल्लं आहेत, अशा अळ्यांनी खाल्लेल्या कोबीचा वास तिला ओळखता येतो. शिकाऱ्याचीच शिकार!

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात पोहोचली आणि महाराष्ट्रातल्या मक्यावरही पसरली. तिच्याविरुद्ध इथे ट्रायकोकार्ड वापरतात. त्यातून निघणारी ट्रायकोग्रामा माशी पतंगाच्या अंड्यातच अंडं घालते, अळी जन्मतच नाही. रासायनिक फवारणी मात्र कीड आणि माशी यांत फरक करत नाही. म्हणूनच कार्ड लावल्यावर काही दिवस फवारणी थांबवायला सांगतात.