दुसरी डिस्क

मंडळी, या शनिवार-रविवारी जरा हार्डवेअरच्या इतिहासात शिरू या. निमित्त अगदी घरगुती आहे. हल्ली बऱ्याच घरांत राऊटरशेजारी एक छोटी काळी पेटी गुरगुरत बसलेली असते. तिला नॅस म्हणतात. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना आणि फोनना नेटवर्कवरून वापरता येईल अशी ही साठवणुकीची पेटी. तिला बहुधा दोन खण असतात आणि विकत घेताना बरेच जण खिशाकडे बघून एकाच खणात डिस्क घालतात. ‘दुसरी नंतर बघू!’ मग दोन-तीन वर्षांत लग्नाचे व्हिडिओ, पोरांचे फोटो, आजोबांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन असं सगळं तिच्यात साचतं आणि एके दिवशी माणूस दुसरी डिस्क घेऊन येतो.

डिस्क खणात सरकवली की पेटी एक प्रश्न विचारते. शब्द कंपनीगणिक वेगळे, पण पर्याय साधारण तीनच. एक, दोन्ही डिस्क जोडून एकच मोठी जागा करायची. दोन, दुसरी डिस्क पहिलीचा आरसा करायची, म्हणजे जे एकीवर लिहाल ते त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जातं. तीन, दुसरी डिस्क वेगळी ठेवायची आणि तिच्यावर वेळोवेळी प्रत काढायची. बहुतेक जण ‘आरसा’ निवडतात आणि ‘चला, आता डेटा सेफ!’ म्हणून झोपायला जातात. हे जे ‘सेफ’ आहे ना, ते मुळात कोणासाठी आणि कशासाठी शोधलं गेलं ते बघण्यासारखं आहे.

सुरुवात १९५६ पासून. त्या वर्षी आयबीएमने रॅमॅक नावाच्या यंत्रासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावणार किती तर ५० लाख अक्षरं. आजच्या फोनमधला एक चांगलासा फोटो तिच्यात बसला नसता! अशा यंत्राला ‘जोडीला अजून एक घ्या’ म्हणणं म्हणजे एका हत्तीला सोबत म्हणून दुसरा हत्ती पाळण्यासारखं होतं. नकला निघायच्या, पण त्या चुंबकीय फितीवर. रात्री फीत भरायची आणि कपाटात ठेवायची.

हत्ती पाळणं परवडेल असं गिऱ्हाईक सत्तरच्या दशकात मिळालं. ते म्हणजे बँका. १९७४ साली जिमी ट्रेबिग यांनी कॅलिफोर्नियात टँडेम कॉम्प्युटर्स नावाची कंपनी काढली. त्यांच्या मशीनचं नावच ‘नॉनस्टॉप’. त्यात प्रोसेसर एकापेक्षा जास्त, डिस्कपर्यंत जाणारे रस्ते एकापेक्षा जास्त आणि हव्या त्या डिस्कला जुळी डिस्क. एक भाग बंद पडला तरी काम चालू राहिलं पाहिजे ही मूळ कल्पना. १९७६ साली पहिलं मशीन सिटीबँकेकडे गेलं. पुढे एटीएमची जाळी आणि शेअर बाजार हे टँडेमचं हक्काचं गिऱ्हाईक झालं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बँकेला जुळी डिस्क हवी होती ती व्यवहार थांबू नये म्हणून. जुना हिशेब जपायचं काम फितींकडेच होतं आणि ते त्यांच्याकडेच राहिलं.

याच सुमारास आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना १९७८ साली एक पेटंट मिळालं. संपूर्ण दुसरी प्रत न ठेवता, थोडी जास्तीची माहिती ठेवून, मेलेल्या डिस्कवरचा मजकूर बाकीच्या डिस्कवरून पुन्हा तयार करायची ती युक्ती होती. आज चार-पाच खणांच्या पेट्यांत जे चालतं त्याचं बीज इथे आहे.

मग येतं १९८८. बर्कलीच्या विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी शिकागोच्या एका परिषदेत एक निबंध मांडला. त्यांचं म्हणणं साधं होतं. प्रोसेसर भराभर वेगवान होतायत आणि डिस्क मात्र मागे पडतायत. मग मेनफ्रेमची एक अगडबंब महागडी डिस्क घेण्याऐवजी पीसीच्या छोट्या स्वस्त डिस्कचा कळपच का लावू नये? तुलनेला त्यांनी आयबीएमची ७,५०० एमबीची डिस्क घेतली आणि समोर कॉनर कंपनीची साडेतीन इंची, १०० एमबीची चिमुकली.

पण कळपात एक गोची होती. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं तर अशा १०० डिस्कपैकी कुठली तरी एक सरासरी ३०० तासांत जाणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत! म्हणून त्यांनी जास्तीच्या डिस्क लावून नुकसान भरून काढायच्या पाच पद्धती मांडल्या आणि या सगळ्या प्रकाराला ‘रेड’ असं नाव दिलं. त्या नावातल्या एका अक्षराचा अर्थ मुळात ‘स्वस्त’ असा होता. पुढे विकणाऱ्या कंपन्यांना ‘स्वस्त’ हा शब्द काही मानवला नाही, म्हणून त्याचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा करून घेतला गेला. व्यापार म्हटला की हे चालायचंच.

आता गंमत बघा. आपण घरी लावतो तो आरसा म्हणजे या यादीतली पहिली पातळी. निबंधात तिची गणना सगळ्यात महाग पर्याय म्हणून केलेली आहे, कारण एकाला एक अख्खी डिस्क ‘वाया’ जाते. त्या तिघांचा सगळा खटाटोप तो खर्च वाचवायचा होता. डिस्क स्वस्त होत गेल्या आणि सगळ्यात खर्चिक ठरवलेली पद्धत दोन खणांच्या घरगुती पेटीत सगळ्यात सोपी म्हणून येऊन बसली.

ती घरात आली लिनक्सच्या बोटाला धरून. लिनक्समध्ये डिस्कचे असे गट सांभाळणारा भाग आहे आणि तो चालवण्यासाठी नील ब्राउन यांनी २००१ च्या सुमारास लिहिलेलं एमडीअ‍ॅडम नावाचं साधन आहे. आज घरगुती नॅसच्या रंगीत स्क्रीनमागे बऱ्याचदा हीच यंत्रणा असते. २००४ साली लिंक्सिसने एनएसएलयू-२ नावाची हाताच्या पंजाएवढी डबी काढली. आत लिनक्स, ३२ एमबी मेमरी आणि बाहेर दोन यूएसबी डिस्क लावायची सोय. हौशी मंडळींनी तिला ‘स्लग’, म्हणजे गोगलगाय, असं लाडाचं नाव दिलं. या गोगलगाईत ठरलेल्या वेळी एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर बॅकअप काढायची सोय होती. म्हणजे वर सांगितलेला तिसरा पर्याय. तेव्हा तो गरिबाचा जुगाड वाटायचा. मला मात्र वाटतं की घरासाठी तोच जास्त शहाणपणाचा होता. का ते सांगतो.

आरशाचं सगळं गणित एका गृहितकावर उभं आहे, ते म्हणजे दोन डिस्क एकमेकींचं बघून मरत नाहीत. २००७ साली हे गृहीतक तपासलं गेलं आणि तपासणाऱ्यांत होते १९८८ च्या निबंधातलेच गार्थ गिब्सन. बियांका श्रोडर आणि त्यांनी सुमारे १ लाख डिस्कच्या नोंदी चाळल्या. कंपन्यांच्या पत्रकात सरासरी आयुष्य १० लाख तास आणि त्याहून जास्त लिहिलेलं होतं. त्या हिशेबाने वर्षाला शेकडा एकसुद्धा डिस्क जायला नको. प्रत्यक्षात वर्षाला २ ते ४ टक्के बदलाव्या लागणं सर्रास होतं आणि काही ठिकाणी आकडा १३ पर्यंत गेला होता. शिवाय डिस्क जाण्याच्या घटना एकमेकींपासून सुट्या नव्हत्या, त्या घोळक्याने येत होत्या.

घोळका कसा येतो याचं ढळढळीत उदाहरण २००९ च्या जानेवारीत दिसलं. सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ या डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये एक दोष निघाला. डिस्क आदल्या रात्री ठणठणीत असायची आणि सकाळी कॉम्प्युटर चालू केला की ओळखच द्यायची नाही. कंपनीने दोष मान्य करून दुरुस्ती दिली. पण विचार करा, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आणलेल्या जुळ्या डिस्कचा आरसा कोणी लावला असेल तर? दोघींच्या पोटात तोच दोष.

दुसरा प्रश्न जास्त खोल आहे. एका डिस्कवरचा भाग वाचताच आला नाही तर आरसा दुसरीवरून भरून काढतो, ते ठीक. पण दोन्ही वाचता आल्या आणि मजकूर वेगळा निघाला तर खरी प्रत कुठली? साध्या आरशाला ते कळत नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये पाठभेद वाढले तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पाठ शुद्ध केला. तिथे निवाडा करायला एकनाथ होते. पेटीत एकनाथ कुठून आणणार? सन कंपनीने २००५ साली खुल्या केलेल्या झेडएफएसने यावर उपाय काढला. प्रत्येक तुकड्यासोबत त्याची एक पडताळणीची बेरीज ठेवायची, म्हणजे खोटी प्रत पकडता येते. ही सोय आता काही घरगुती पेट्यांतही मिळते. पेटी घेताना हे जरूर विचारावं.

आणि तिसरा घाव सगळ्यात साधा. आरसा आज्ञाधारक असतो. फोटो चुकून पुसलात की तो दुसऱ्या डिस्कवरूनही तत्परतेने पुसतो. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या पेट्यांवर इंटरनेटवरून हल्ला झाला. २०१५ नंतर या पेट्यांना अपडेट मिळालेले नव्हते. लोक सकाळी उठून बघतात तो पेटी कोरी, दुकानातून आणल्यासारखी! दोन डिस्कचं ‘ड्युओ’ मॉडेलही त्यात होतं. तिथे दुसरी डिस्क असून नसल्यासारखीच.

म्हणजे आरसा वाईट का? अजिबात नाही. एक डिस्क गेली तरी काम न थांबणं हे त्याचं काम आणि ते तो १९७६ पासून चोख करतोय. बँकेला थांबणं परवडत नाही. घराचं दुखणं वेगळं आहे. पेटी दोन दिवस बंद राहिली तर घरात थोडी कुरकुर होईल, इतकंच. आजोबांचा आवाज गेला तर तो कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

तेव्हा दुसरी डिस्क आणलीच असेल तर एवढं करा. पेटीला हात लावण्याआधी जे पुन्हा मिळणार नाही त्याची एक प्रत दुसरीकडे काढा. ‘या डिस्कवरचा सगळा डेटा पुसला जाईल’ असं वाक्य दिसलं तर ‘ही’ म्हणजे नेमकी कुठली ते दोनदा वाचा. आरसा लावणार असाल तर नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी, आणि शक्यतो वेगळ्या खोक्यातली. पहिली नक्कल व्हायला वेळ लागतो. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने भरली तरी सात तासांच्या वर. तेवढा वेळ जुनी डिस्क एकटीच असते आणि ती सतत वाचली जात असते. वीज जाऊ शकते, म्हणून यूपीएस लावा.

आणि एकाच डिस्कचे पैसे असतील तर? माझं मत विचाराल तर ती खणात घालूच नका. यूएसबीच्या डबीत घालून महिन्यातून एकदा प्रत काढा, त्यातली एखादी फाइल उघडून बघा, मग वायर काढून डबी भावाकडे किंवा ऑफिसच्या कपाटात ठेवा. जी डिस्क जोडलेलीच नाही तिच्यावर चुकीची आज्ञा पोचत नाही, वीजही नाही आणि हल्लेखोरही नाही. पुढच्या दिवाळीला बोनस मिळाला की मग आरसा लावा!