चाळीस ठिपक्यांचा पार्डालोट व पांढरी निलगिरी

टास्मानिया (ऑस्ट्रेलिया) येथील एक दुर्मिळ पक्षी आणि त्याच्या आहाराचा मुख्य आधार असलेली निलगिरीची जाती. पक्ष्याचे शास्त्रीय नाव पार्डालोटस क्वाड्राजिंटस (कुल पार्डालोटिडी) असून जॉन गूल्ड यांनी 1838 मध्ये त्याचे वर्णन केले. युकॅलिप्टस व्हिमिनॅलिस (जंबुल कुल) या वृक्षाचे वर्णन लाबियार्दियेर यांनी 1806 मध्ये केले होते.

पक्षी 9–10 सेंमी. लांब असतो. पाठ फिकट हिरवी, चेहरा पिवळसर, पंख काळे व त्यांवर पांढरे ठिपके असतात. नर व मादी सारखेच दिसतात. वृक्ष साधारणपणे 50 मी.पर्यंत वाढतो; टास्मानियात काही वृक्ष सुमारे 90 मी. उंच आहेत. त्याची साल लांब पट्ट्यांनी सोलून निघते व खोड गुळगुळीत, पांढुरके दिसते. पाने भाल्यासारखी, फुले पांढरी असून बहुधा तीन-तीनच्या झुबक्यांनी येतात.

पानांना व कोवळ्या डहाळ्यांना इजा झाली की गोड रस पाझरतो आणि सुकून त्याचे पांढरे खडे बनतात. त्यांना ‘मॅना’ म्हणतात. बहुतेक पक्षी आयता मिळेल तो मॅना टिपतात. हा पार्डालोट मात्र चोचीने देठ कुरतडून रस वाहता करतो. पिलांच्या आहारातही मॅनाचा वाटा मोठा असतो. कीटक आणि पानांवरील किड्यांची गोड कवचेही तो खातो. घरटे बहुधा जुन्या झाडांच्या ढोलीत असते.

हे अवलंबन एकतर्फी आहे. पांढरी निलगिरी न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया व साउथ ऑस्ट्रेलिया या राज्यांतही वाढते. तेथे हा पक्षी मुळीच नाही. तो मुख्यतः मरिया व ब्रूनी या बेटांवर, तेथेही ही झाडे असलेल्या रानांतच, आढळतो. त्यामुळे तोड, वणवा किंवा अवर्षणाने एखादे रान खालावले, तरी वृक्षाची जाती अन्यत्र टिकते. पक्ष्याचा मात्र त्या भागातील आसराच संपतो.

पक्षी संकटग्रस्त जातींत गणला जातो. अधिवासाच्या नाशाखेरीज ढोलींसाठी इतर पक्ष्यांशी होणारी स्पर्धा आणि पिलांचे रक्त शोषणाऱ्या एका माशीच्या अळ्या ही त्याच्या ऱ्हासाची कारणे आहेत. उपाय म्हणून कृत्रिम घरटी बसवतात, पांढऱ्या निलगिरीची लागवड करतात आणि कीटकनाशक लावलेली पिसे रानात ठेवतात. अस्तरासाठी पक्षी ती घरट्यात नेतात व अळ्या मरतात.