लॅपटॉपचे बिघाड : निदान व दुरुस्ती (भोपाळ)

लॅपटॉपच्या हार्डवेअरमधील दोष हुडकून दूर करण्याची रीत. यंत्र सुरू न होणे, पडदा काळा राहणे, अतोनात तापणे, चार्ज न होणे, डिस्क न वाचली जाणे हे तिचे नेहमीचे विषय. भोपाळमध्ये या धंद्याचा मुक्काम मुख्यतः महाराणा प्रताप नगरात, म्हणजे बोलण्यातल्या एमपी नगरात आहे. शिकवणी वर्ग त्याच भागात असल्याने गिऱ्हाइकांत विद्यार्थी पुष्कळ. मध्य प्रदेश शासन राज्य मंडळाच्या बारावीत ७५ टक्के व त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देते. एवढ्या पैशांत बसणारे यंत्र बहुधा प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे असते, आणि त्याचे परिणाम पुढे बिजागरीपाशी दिसतात.

दुकानाच्या पावतीवर ‘डेड’, ‘नो डिस्प्ले’, ‘लिक्विड’ असा एखादाच शब्द असतो. तो लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. ‘डेड’ म्हणून आलेल्या यंत्राचा दोष भिंतीतल्या सॉकेटपासून मदरबोर्डपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणून स्वस्त आणि बाहेरच्या गोष्टींवर आधी संशय घ्यायचा आणि एकेक वगळत आत जायचे. घाईचा कारागीर नेमका उलटा चालतो, बोर्डाचे नाव आधी घेतो.

वीज. प्रथम दुसरे सॉकेट, मग दुसरा अ‍ॅडॅप्टर. गोल पिनेच्या जुन्या अ‍ॅडॅप्टरवर सहसा १९ व्होल्टच्या आसपासचा आकडा छापलेला असतो आणि मल्टिमीटरवर तो सरळ दिसतो. यूएसबी-सी अ‍ॅडॅप्टरची गोष्ट निराळी. यंत्राशी बोलणी झाल्याशिवाय तो ५ व्होल्टच्या वर जात नाही. तेव्हा साध्या तपासणीत ५ व्होल्ट दिसले म्हणून तो बाद ठरवू नये. पिन हलवल्यावर चार्जिंगचा दिवा लुकलुकत असेल, तर दोष बहुधा जॅकचा. तो बदलणे तुलनेने स्वस्त पडते. अ‍ॅडॅप्टर काढून पॉवरचे बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरल्यास बोर्डावरचा अडकून बसलेला नियंत्रक मोकळा होतो. ‘डेड’ यंत्रांपैकी काही एवढ्यावरच उठतात, आणि हे घरीच करण्याजोगे आहे.

धातूच्या अंगाला हात लावल्यावर मुंग्या येतात, ही तक्रार घराच्या अर्थिंगकडे बोट दाखवते. अ‍ॅडॅप्टरमधील गाळणी-संधारित्रांतून थोडा प्रवाह गळतोच. तीन पिनांचा प्लग आणि खरोखर जोडलेले अर्थिंग असेल, तर तो जमिनीत जातो. लॅपटॉप दुरुस्तीला देऊन हा दोष जात नाही.

काळा पडदा. पंखा फिरतो, दिवे लागतात, पण चित्र नाही. अंधारात पडद्यावर टॉर्च तिरपा धरून पाहावे. पुसट चित्र दिसले, तर मागचा प्रकाश गेला आहे. एचडीएमआयने टीव्ही जोडून तिथे चित्र आले, तर बोर्ड बहुधा शाबूत असून दोष पडद्यात किंवा बिजागरीतून जाणाऱ्या पट्टीसारख्या केबलमध्ये आहे. झाकण एका विशिष्ट कोनातच चित्र दाखवते, तेव्हा केबलच. दोन्हीकडे काही नसेल, तर रॅम काढून पुन्हा बसवावी. तिचे सोनेरी दात खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे सगळीकडे रूढ आहे. चालते, पण रबराचा भुगा मागे राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल बरे. दोन रॅम असल्यास एकेक लावून पाहिल्याने दोषी कोण ते कळते. अनेक एचपी यंत्रांत कॅप्स लॉकचा दिवा, तर डेलमध्ये बॅटरीचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. ही लुकलुक मोजून घेऊन मग दुकानात गेलेले बरे.

उष्णता. भोपाळमध्ये सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा हाच विषय. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवतात. मे महिन्यात भोपाळची दुपार ४० च्या वर सहज जाते, म्हणजे यंत्र काम सुरू होण्याआधीच मर्यादेबाहेर असते. प्रोसेसर सुमारे १०० अंशांजवळ पोचला की स्वतःचा वेग कमी करतो. वापरणाऱ्याला वाटते यंत्र जुने झाले, किंवा व्हायरस आला. खरे कारण बहुधा पंख्यासमोरच्या तांब्याच्या पात्यांत बसलेला धुळीचा नमदा असतो. तो काढताना पंख्याची पाती बोटाने धरावीत, नाहीतर हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. प्रोसेसर आणि उष्णतावाहक नळी यांच्यामधला थर्मल पेस्ट काही वर्षांत वाळतो. तोही त्याच बैठकीत बदलावा. गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरल्यास खालचे झरोके बुजतात, आणि मग साफसफाईचाही उपयोग राहत नाही.

उन्हाळ्यात लॅपटॉप कूलरसमोर ठेवण्याची घरोघर सवय आहे. पाण्याच्या कूलरची हवा थंड असते तशी ओलीही असते, आणि लॅपटॉपचा पंखा ती आत ओढतो. दोन हात अंतरावरून, तिरप्या झोतात ठेवले तर निभते. थेट तोंडासमोर मात्र नको.

ओल आणि चहा. जुलै-ऑगस्टमध्ये बंद कपाटात महिनाभर ठेवलेल्या यंत्राच्या जोडांवर हिरवट थर चढू शकतो. वापरात असलेले यंत्र स्वतःच्या उबेने कोरडे राहते, म्हणून पावसाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा ते चालवावे. चहा सांडला तर तत्क्षणी अ‍ॅडॅप्टर काढून पॉवरचे बटण दाबून धरावे आणि यंत्र तंबूसारखे उपडे उभे करावे. तांदळात पुरून ठेवण्याने काही साधत नाही. पाणी उडून जाते, पण साखर आणि दुधाचे क्षार बोर्डावर राहतात आणि गंज तिथून सुरू होतो. तळ उघडून बॅटरीची जोडणी सोडवणे आणि बोर्ड अल्कोहोलने धुणे हाच उपाय, तोही दुसऱ्या दिवसावर न टाकता. ‘सुकल्यावर चालू झाला’ म्हणून निश्चिंत झालेल्यांची यंत्रे काही आठवड्यांनी पावतीवर ‘लिक्विड’ हा शब्द घेऊन येतात.

बॅटरी. टचपॅड वर उचलला गेला, तळ टेबलावर डुगडुगू लागला, तर लिथियमची बॅटरी फुगली आहे. तेव्हा चार्जिंग बंद, टोचणे-दाबणे वर्ज्य, बॅटरी बदलणे हाच मार्ग. उष्णता आणि सतत १०० टक्क्यांवर राहणे या दोन्हींनी तिचे आयुष्य घटते. अनेक यंत्रांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. उन्हाळाभर ती चालू ठेवावी. तारीख वारंवार मागे जात असेल, तर तो दोष या बॅटरीचा नसून बोर्डावरच्या ३ व्होल्टच्या नाण्याएवढ्या सेलचा असू शकतो.

डिस्क. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून टकटक ऐकू आली, तर यंत्र बंद करावे. दर वेळी चालू केल्यावर तिच्यावरची माहिती वाचण्याची आशा कमी होते. एसएसडी मात्र आवाज न करता, पूर्वसूचना न देताही जाते. दुरुस्तीला देण्यापूर्वी माहितीची प्रत काढावी, आणि विंडोज डिस्क कूटबद्ध करत असल्यास तिची रिकव्हरी की हाताशी ठेवावी. बोर्ड बदलल्यावर यंत्र ती मागते, आणि दुकानदाराकडे ती नसते.

बिजागरी. झाकण उघडताना कोपऱ्यात कट्ट असा आवाज येतो, आणि कडेला फट दिसते. बिजागरीचे पितळी नट प्लॅस्टिकमधून उपटले जात असतात. घट्ट झालेली बिजागरी वेळीच किंचित सैल करून घेतली, तर सांगाडा वाचतो. तसेच ओढत राहिल्यास आधी केबल, मग पडदा जातो. झाकण एका कोपऱ्याने न धरता मध्यावर धरून उघडावे.

बोर्डाचे काम. हॉट-एअर गनने आयसी बदलण्याला कारागीर ‘चिप-लेव्हल’ म्हणतात. हे शिकण्याची औपचारिक वाट आयटीआयमधील संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभालीच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमातून सुरू होते, पण हात बसतो तो दुकानातच. ग्राफिक्स चिप गरम करून ‘बसवून’ देण्याचा उपाय तात्पुरता असतो. काही आठवड्यांत तोच दोष परततो, म्हणून त्याची हमी लेखी मागावी. जुना सुटा भाग परत मागण्याचा हक्कही गिऱ्हाइकाने सोडू नये.

दुरुस्तीपलीकडे गेलेले यंत्र भंगारवाल्याकडे देऊ नये. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ व भोपाळ महानगरपालिका यांनी जानेवारी २०२० मध्ये शहरात देशातील पहिले ई-कचरा क्लिनिक सुरू केले होते. २०२३ च्या १ एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुनी यंत्रे पुनर्चक्रणाला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरी वेगळी काढून, टोकांवर टेप लावून द्यावी.