सिरोंचा येथील विद्यार्थिजीवन आणि भाषांची वाटणी

प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाजवळ वसलेले सिरोंचा हे गाव गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असून जिल्ह्याच्या ठाण्यापासून ते सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. अशा गावातील हायस्कुलाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास इमारत, पटसंख्या व परीक्षांचे निकाल यांवर भागविण्याचा मोह होतो. परंतु येथील विद्यार्थ्याच्या जीवनाचा खरा वृत्तांत हवा असेल, तर तो दिवसाच्या कोणत्या वेळी कोणती भाषा बोलतो, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. घरात व बाजारात मुख्यतः तेलुगू, वर्गात मराठी, जंगलातील वाड्यांवर माडिया गोंडी, अशी ही वाटणी आहे. आणि ती विद्यार्थ्याने केलेली नाही, राज्यकर्त्यांनी आखलेल्या सीमांनी केलेली आहे.

निजामाकडून 1860 च्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीरावरील जो प्रदेश इंग्रजांकडे आला, त्यात सिरोंचा होते. मध्य प्रांताच्या स्थापनेनंतर 'अपर गोदावरी' नावाचा जिल्हा करून सिरोंचा हे त्याचे ठाणे ठरविण्यात आले. या जिल्ह्याचा बहुतांश भाग तेलुगुभाषी होता. तो 1874 साली मोडला. भद्राचलम व रेकपल्ली हे तालुके मद्रास इलाख्यात गेले, सिरोंचा मात्र चांदा जिल्ह्याला जोडले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी नुगूर, आलबाका व चेरला हेही मद्रासकडे वर्ग झाले. म्हणजे एका जिल्ह्यात नांदलेल्या मुलांच्या नातवंडांपैकी काहींची शाळा तेलुगू मुलखात राहिली व काहींची मराठी जिल्ह्यात आली. पुढे 1956 साली चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. आणि 1982 साली गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

यावरून असा समज होणे शक्य आहे की, सीमा नदीपलीकडे सरकली असती तर येथील मुलांना मातृभाषेतून माध्यमिक शिक्षण आपोआप मिळाले असते. वस्तुस्थिती तशी नव्हती. पैलतीरी 1948 पर्यंत हैदराबाद संस्थान होते, आणि तेथे माध्यमिक शिक्षणावर उर्दूचे वर्चस्व होते. उस्मानिया विद्यापीठ तर 1918 पासून उर्दू माध्यमाचेच. प्राणहितेच्या दोन्ही काठांवरील तेलुगुभाषी मुलगा, शाळेची इयत्ता जशी वाढे तसा, आपल्या घरच्या भाषेपासून दूर जात असे. फरक एवढाच की, एका काठावर ती भाषा उर्दू होती, तर दुसऱ्या काठावर मराठी. राज्यपुनर्रचनेच्या वेळी 1956 साली घटनेत 350-अ हे कलम घालण्यात आले खरे, परंतु भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिकविण्याची तजवीज करण्याचे ते सांगते प्राथमिक टप्प्यापुरते. हायस्कूल त्याच्या कक्षेबाहेर राहिले. सोलापुरास तेलंगणातून आलेल्या विणकर समाजासाठी तेलुगू शाळा निघाल्या, कारण तेथे संख्या, पेठ व संघटित समाज ही तिन्ही एकत्र होती. सिरोंच्यास तेलुगू बाहेरून आलेली नाही, ती तेथलीच आहे. आणि कदाचित म्हणूनच तिच्यासाठी संस्था काढण्याची निकड कोणास तितकी भासली नसावी.

शाळेचा दिवस प्रतिज्ञेने सुरू होतो. ही प्रतिज्ञा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 साली मुळात तेलुगूत लिहिली. विशाखापट्टणमच्या एका शाळेत ती 1963 साली म्हटली गेली व 1965 पासून देशभर रूढ झाली. सिरोंच्याचा तेलुगुभाषी विद्यार्थी ती मराठी भाषांतरात म्हणतो. या गोष्टीत विनोद आहे, पण तक्रारीचे कारण नाही. तक्रारीचे कारण वह्या तपासताना उत्पन्न होते.

तेलुगूत एकवचनी पुरुषवाचक नामाचे क्रियापद वेगळे, आणि स्त्रिया व निर्जीव वस्तू यांचे एकच: 'अतडु वच्चाडु' म्हणजे तो आला, परंतु 'आमे वच्चिंदि' म्हणजे ती आली आणि 'बस्सु वच्चिंदि' म्हणजे बस आली. ज्याच्या घरच्या व्याकरणात नदी, बाजार व घर यांना निरनिराळी लिंगेच नाहीत, त्याने मराठीत प्रत्येक निर्जीव वस्तूचे लिंग पाठ करावयाचे असते. तो चुकला तर शेरा पडतो 'निष्काळजीपणा' असा. वस्तुतः ती चूक निष्काळजीपणाची नसून दुसऱ्या एका नियमाच्या काटेकोर पालनाची असते. उलट जे पुण्यामुंबईकडील परभाषी विद्यार्थ्याला अवघड जाते, ते या मुलाला विनासायास येते. 'आपण' व 'आम्ही' यांतील भेद त्याला 'मनमु' व 'मेमु' यांमुळे घरूनच अवगत असतो. 'चारा' या शब्दातील दंत्य 'च' त्याच्या जिभेवर आधीपासूनच असतो. पण या आयत्या येण्याला गुण नाहीत, कारण तेथे चूक होत नाही आणि तपासणाऱ्याचे लक्ष चुकीवरच असते.

मधल्या सुट्टीत ही व्यवस्था पालटते. मराठीतील हुतूतू तेलुगूत चेडुगुडु होतो. डाव तोच, फक्त दम धरण्याचा शब्द बदलतो. 'चालु' हा उच्चार तेलुगूत 'पुरे' या अर्थाचा व मराठीत 'सुरू आहे' या अर्थाचा असल्याने एकाच मैदानावर तो खेळ थांबवूही शकतो आणि पुढे नेऊही शकतो. आश्विनात तेलुगू घरांतील मुली बतुकम्माची फुले रचतात. विदर्भातील मराठी घरांत भुलाबाईच्या गाण्यांचा काळही साधारण तोच. प्राणहितेचा पुष्कर दर बारा वर्षांनी येतो. 2022 साली तो एप्रिलात, म्हणजे शाळांच्या वार्षिक परीक्षांच्या दिवसांत आला होता.

आतापर्यंत माडिया विद्यार्थ्याचा विचार बाजूस राहिला, आणि बहुतेक लेखनात तो तसाच राहतो. त्याला वर्गातील मराठी परकी आणि मैदानावरील तेलुगूही परकी, जरी गोंडी व तेलुगू एकाच द्राविड कुळातील असल्या तरी. दोघांच्या चुका मात्र सारख्या समजल्या जातात. एकवचनात त्या सारख्या असतीलही. अनेकवचनात त्या वेगळ्या व्हावयास हव्यात. तेलुगूत अनेकवचनी स्त्रिया पुरुषांच्या गटात जातात ('वारु वच्चारु'), गोंडीत त्या तेथेही वस्तूंच्याच गटात राहतात. तेव्हा 'त्या बाया आल्या' या साध्या वाक्यात तेलुगुभाषी मुलगा 'आले' या पुल्लिंगी रूपाकडे झुकावा आणि माडिया मुलगा 'आली' या नपुंसकलिंगी रूपाकडे, अशी अपेक्षा व्याकरणावरून करता येते. ती खरी की खोटी, हे ठरविण्याचे साधन तालुक्यातील प्रत्येक हायस्कुलात दरवर्षी तयार होते आणि निकाल लागल्यावर रद्दीत जाते.