जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर : पुन्हा बसवताना...

वर्धा जिल्ह्यातील आष्टीसारख्या ग्रामीण भागात शेतावर, बाजाराला किंवा दूध घालायला जाण्यासाठी एकेकाळी राजदूत ही भरवशाची गाडी मानली जाई. पोलंडच्या एसएचएल एम-11 या मोटारसायकलवर बेतलेली ही 175 सीसीची टू-स्ट्रोक गाडी एस्कॉर्ट्स कंपनीने 1962 मध्ये बाजारात आणली. अशा गाड्या आता हौसेने पुन्हा उभ्या केल्या जातात. इंजिन आणि रंगाचे काम आटोपले, की कार्बोरेटर बसवण्याची वेळ येते. मात्र हे काम घाईने उरकल्यास नव्याने बांधलेले इंजिनही जाम होऊ शकते.

मिश्रणाचे गणित

पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळून इंजिनाला पुरवणे, हे कार्बोरेटरचे काम. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते. इथेनॉलला त्यापेक्षा कमी हवा पुरते. 2025 पासून देशात 20 टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र रूढ झाले आहे. जुन्या जेटमधून हेच इंधन गेले, की मिश्रणात पेट्रोलचा अंश कमी पडतो आणि इंजिन अधिक तापते. राजदूत, जावा यांसारख्या गाड्यांत वंगणतेलही पेट्रोलमधूनच जाते. त्यामुळे पेट्रोल कमी पडले, की वंगणही कमी पडते आणि पिस्टन जाम होण्याचा धोका वाढतो.

इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत त्यामुळे धातूचे भाग गंजतात, तर जुने रबरी भाग फुगतात किंवा तडकतात. विदर्भाच्या कडक उन्हात फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उडून जाते आणि चिकट थर मागे उरतो. तोच पुढे जेटची छिद्रे बुजवतो.

बसवण्यापूर्वी

पेट्रोलचा कॉक बंद करून, ठिणगी व विडी-सिगारेटपासून दूर, मोकळ्या हवेत काम करावे. जेट क्लीनर आणि दाबाच्या हवेने साफ करावेत. तार घातल्यास छिद्र मोठे होऊन मापच बिघडते. फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले, तर तो फुटलेला आहे. फ्लोटची सुई झिजली असल्यास बदलावी. गॅस्केट आणि ओ-रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात.

थ्रॉटलच्या स्लाइडचा तिरपा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूस हवा. इंजिन सुरू करण्याआधी अॅक्सिलरेटर सोडताच स्लाइड आपोआप खाली येते, याची खात्री करावी. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधील जोडातून हवा शिरली, तर कितीही ट्युनिंग केले तरी गाडी नीट चालत नाही.

प्लग सांगतो हाल

एअर स्क्रू पूर्ण आवळून साधारण दीड फेरा सोडावा आणि इंजिन गरम झाल्यावर बारकाईने जुळवावा. काही अंतर गाडी चालवून प्लग पाहावा. तांबूस-तपकिरी रंग योग्य. पांढरट रंग पेट्रोल कमी पडत असल्याचे, तर काळी काजळी ते जास्त जात असल्याचे लक्षण. पांढरट दिसल्यास एक आकडा मोठा मेन जेट बसवून पुन्हा तपासणी करावी.

1983 मध्ये आलेल्या राजदूत 350 मध्ये दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर आहेत. तेथे दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जातील, अशा रीतीने केबल जुळवावी लागते. अन्यथा एका सिलिंडरवर भार पडून गाडी थरथरते.

मूळ भागाचे मोल

2020 मध्ये बीएस-6 मानके लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर हद्दपार झाला. त्यामुळे मूळ सुटे भाग जपणे महत्त्वाचे ठरते. केंद्राच्या जुलै 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीस 50 वर्षांहून अधिक काळ झालेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेली वाहनेच 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येतात. म्हणूनच जुना कार्बोरेटर भंगारात देण्यापूर्वी तो दुरुस्त होतो का, हे आधी पाहावे.