मायदेशी परकी : मिशनरी कुटुंबांतील मुले आणि त्यांच्या शाळा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट मनापासून केली. वर्गात नव्याने आलेल्या मुलाला त्यांनी कधी परके वाटू दिले नाही. त्यांच्या स्मृतीला साजेसा विषय शोधताना मला एकोणिसाव्या शतकातील काही मुलांची आठवण झाली. ही मुले अहमदनगरला, मुंबईला, निजामी मुलुखात जन्मली वा वाढली आणि शिक्षणासाठी ‘स्वदेशी’ पाठविली गेली. मिशनऱ्यांच्या धर्मकार्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात स्तुती आहे तशी टीकाही आहे. त्यांच्या मुलांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. धर्मप्रसाराचा वाद आज मी बाजूला ठेवणार आहे. मला पाहावयाचे आहे ते शाळेच्या उंबरठ्यावर उभे असलेले मूल.

अमेरिकन मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईस आले. त्यांतील गॉर्डन हॉल यांच्या पत्नी 1825 साली आपल्या दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. हॉल कामासाठी मागे राहिले आणि पुढच्याच वर्षी, मार्च 1826 मध्ये, नाशिककडील एका खेड्यात पटकीने वारले. त्या कुटुंबाची पुन्हा गाठ पडली नाही. मिशनरी घरांत मुलांचा प्रश्न पहिल्या पिढीपासूनच किती कठीण होता, हे एवढ्यावरून ध्यानात यावे. सुएझचा कालवा 1869 साली खुला होण्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाला चार-पाच महिने लागत. पटकी आणि हिवताप यांचे भय होतेच. शिवाय मुलांचे शिक्षण आपल्या देशात, आपल्या भाषेत व्हावे हा आग्रह. म्हणून पाच-सात वर्षांचे मूल झाले की त्याला विलायतेस किंवा अमेरिकेस नेऊन ठेवावयाचे, आणि आईबापांनी परत यावयाचे, अशी रीत पडली.

या मुलांसाठी तिकडे खास संस्था निघाल्या. इंग्लंडमध्ये वॉल्थमस्टो येथे 1838 साली मिशनऱ्यांच्या मुलींसाठी आणि 1842 साली मुलांसाठी शाळा निघाली. अमेरिकेत ऑबर्नडेल येथे तुर्कस्तानातून परतलेल्या एका मिशनऱ्याच्या विधवेने अशा मुलांसाठी घर चालविले. या संस्थांच्या मुळाशी सद्भाव होता, यात शंका नाही. परंतु एका पत्राचे उत्तर यावयास कित्येक महिने लागत, त्या काळी सात वर्षांच्या मुलाला आईचा चेहरा किती दिवस आठवत असेल, हा प्रश्न कोणत्याही अहवालात मांडलेला नसतो.

मिशनऱ्यांच्या मुलांपुरतीच ही गोष्ट नव्हती. मुंबईच्या कलाशाळेच्या आवारात 1865 साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगला 1871 साली साउथसी येथे परक्या घरी ठेवण्यात आले. लहानपणी हिंदुस्थानी बोलणाऱ्या त्या मुलाने तेथे जवळजवळ सहा वर्षे काढली, आणि त्या दिवसांचा कडवटपणा त्याच्या लेखनातून कधी गेला नाही.

आता आपल्या परिचयाच्या एका नावाकडे वळू. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना नगरचे ह्यूमसाहेब आठवतील. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्म 1847 साली मुंबईचा. वडील रॉबर्ट विल्सन ह्यूम हे अमेरिकन मिशनचे. प्रकृती ढासळल्यामुळे ते 1854 साली कुटुंबासह अमेरिकेस निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. सात वर्षांचा रॉबर्ट आई व भावंडांसह मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डला पोहोचला. ज्या देशाला घरातील मोठी माणसे ‘घर’ म्हणत, तो त्याला सर्वस्वी अपरिचित होता. ज्या मुंबईला ती ‘परदेश’ म्हणत, तेथे त्याचे बालपण गेले होते. पुढे येल येथे 1868 साली पदवी घेऊन 1874 साली तो नगरला आला आणि 1926 पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, येथेच राहिला. धाकटे बंधू एडवर्ड हेही मुंबईस येऊन शाळेच्या कामात पडले. त्या एडवर्ड यांचा मुंबईत 1877 साली जन्मलेला मुलगा रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम याने प्रमुख तेरा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले. ते 1921 साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले, आणि आजही अभ्यासक ते हाताशी ठेवतात.

थोरल्या ह्यूम यांच्या चरित्रातील एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. 1886च्या सुमारास ते रजेवर अमेरिकेत होते. ख्रिस्ताचे नावही न ऐकता जे पूर्वज वारले ते सर्व अनंतकाळ नरकात गेले, ही शिकवण हिंदुस्थानात कार्याला बाधक ठरते, अशा आशयाचे विचार त्यांनी तेथे जाहीरपणे मांडले. त्यावरून वाद माजला आणि त्यांना परत पाठविण्यास मिशनच्या मंडळाने काही काळ नकार दिला. 1887 साली तो प्रश्न सुटला. चाळिशीतल्या त्या पंडिताला आपल्या देशात पुन्हा एकदा ‘तिकडचा’ ठरविण्यात आले होते. ज्यांच्यात आपण वाढलो त्यांच्या वाडवडिलांविषयी असा निवाडा उच्चारताना त्यांची जीभ अडखळली असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही.

दुसरे उदाहरण मराठीच्या अध्यापकाला विशेष जिव्हाळ्याचे आहे. जस्टिन ॲबट यांचा जन्म 1853 सालचा, अमेरिकेतला. वडील अमॉस ॲबट हे नगरचे मिशनरी. ते रजेवर गेले आणि दहा वर्षे तिकडेच राहिले. 1857 साली कुटुंब परत आले तेव्हा जस्टिन तीन-चार वर्षांचा होता. त्याच्या कानावर मराठी पडली ती या वयात. पुढे शिक्षणासाठी त्याला अमेरिकेस जावे लागले. 1881 साली मिशनरी म्हणून तो मुंबईस आला. मिशनचे काम सोडून न्यू जर्सीतील समिट या गावी स्थायिक झाल्यावर या गृहस्थाने काय केले? महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला 1926 पासून काढावयास घेतली. भानुदास, एकनाथ, बहिणाबाई, तुकाराम, रामदास असे एकेक चरित्र त्यांनी भाषांतरित केले. पंडित नरहर गोडबोले यांच्या साहाय्याने केलेले महिपतीच्या ‘भक्तविजया’चे भाषांतर त्यांच्या निधनानंतर, म्हणजे 1932 नंतर, प्रसिद्ध झाले. एका मुलाला दोन देशांत वाढावे लागले, त्याचा लाभ अखेर आपल्या संतवाङ्मयाला झाला. तथापि या लाभाकडे बोट दाखवून त्या वाढण्यातील क्लेश नाकारता येत नाहीत.

याच्या नेमकी उलट कहाणी मनोरमाबाईंची. पंडिता रमाबाईंची ही कन्या 1881 साली जन्मली, दुसऱ्या वर्षी पितृसुखाला मुकली आणि 1883 साली आईबरोबर इंग्लंडमध्ये वाँटेज येथील भगिनींच्या मठात गेली. रमाबाई अमेरिकेत असताना काही काळ ती आईविना त्या भगिनींजवळ राहिली. तिच्या संगोपनाविषयी रमाबाई आणि त्या भगिनी यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्यात आपल्या मुलीने हिंदी मुलगी म्हणूनच वाढावे हा आईचा आग्रह स्पष्ट दिसतो. पुढे मनोरमाबाई इंग्लंड-अमेरिकेत शिकल्या आणि परत येऊन आईच्या कार्यात उभ्या राहिल्या. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, 1912 साली गुलबर्ग्यास, म्हणजे त्या वेळच्या निजामी राज्यात, शाळा काढण्याच्या कामी त्यांचा मोठा वाटा होता. अनेक शाळांतून परकी म्हणून वावरलेली ती मुलगी मोठेपणी मागासलेल्या भागातील मुलांसाठी शाळा उभारते, यात मला एक संगती दिसते. 1921 साली, रमाबाईंच्या आधी काही महिने, त्यांचे निधन झाले.

विसाव्या शतकात एक मधला मार्ग निघाला. मुलांना समुद्रापार धाडण्याऐवजी येथील थंड हवेच्या ठिकाणी, पण ‘तिकडच्या’ अभ्यासक्रमाच्या शाळा काढण्यात आल्या. मसुरीजवळची वुडस्टॉक 1854 पासून होतीच. कोडाईकॅनॉलची शाळा 1901 साली निघाली. आईबाप आता हजारो मैलांऐवजी शेकडो मैलांवर आले, आणि उन्हाळ्यात त्यांची भेट होऊ लागली. दर सहा-सात वर्षांनी येणारी वर्षभराची रजा मात्र चुकली नाही. त्या एका वर्षात मुलाला अमेरिकेतील एखाद्या गावच्या शाळेत घातले जाई. पुस्तकी अभ्यासात ते सहसा मागे नसे. त्याला अडे ते निराळ्याच ठिकाणी : वर्गातील थट्टा कळत नाही, खेळाचे नियम ठाऊक नाहीत, कपडे जुन्या तऱ्हेचे, खिशातील नाणी मोजता येत नाहीत. रविवारी चर्चमध्ये त्याला साडी किंवा धोतर नेसवून उभे करीत आणि ‘हिंदुस्थानी’ गाणे म्हणावयास सांगत. आठवडाभर ज्या गोष्टी तो वर्गमित्रांपासून लपवी, त्यांचेच रविवारी प्रदर्शन होई. जरा रुळू लागावे तोच वर्ष संपे आणि परतीचा प्रवास सुरू होई.

आपल्या शहराच्या वेशीवरचे एक उदाहरण देतो. जेथे 2008 सालापासून आपला नवा विमानतळ आहे, त्या शमशाबादला 1932 साली पॉल हीबर्ट यांचा जन्म झाला. आईबाप मेनोनाइट मिशनरी. कोडाईकॅनॉल आणि अमेरिका येथे शिकून ते 1960 साली महबूबनगर भागात मिशनरी म्हणून आले; पुढे मानववंशशास्त्राकडे वळले. तेलंगणातील कोंडूरू या खेड्याच्या समाजरचनेवरील त्यांचा ग्रंथ 1971 साली प्रसिद्ध झाला. जातीजातींचे परस्परसंबंध इतक्या बारकाईने न्याहाळण्याची दृष्टी त्यांना केवळ विद्यापीठाने दिली असेल असे मला वाटत नाही. ज्याला लहानपणापासून प्रत्येक ठिकाणी नियम पाहून वागावे लागले, त्याचा डोळा तसा तयार होतोच.

अशा मुलांना समाजशास्त्रात ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ असे नाव आहे. रूथ युसीम या विदुषी आपल्या पतीसह 1950च्या दशकात भारतातील अमेरिकनांचा अभ्यास करीत होत्या, त्यातून हे नाव पुढे आले. आईबापांची संस्कृती पहिली, यजमान देशाची दुसरी, आणि या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्यांची तिसरी. मसुरीस 1950 साली जन्मलेले नट टॉम ऑल्टर आपणां सर्वांस परिचित आहेत. मिशनरी घराण्यातील हा तरुण येल विद्यापीठात गेला आणि वर्षभरात परत आला. त्यांचे ‘घर’ कोणते, याचा निर्णय त्यांनी स्वतःच केला.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. आपण हैदराबादचे मराठी भाषक या तिसऱ्या संस्कृतीला अनोळखी नाही. 1907 साली येथे विवेकवर्धिनी निघाली, 1918 साली उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. आपल्या वडीलधाऱ्यांनी घरी मराठी, शाळेत उर्दू, बाजारात दखनी आणि शेजारी तेलुगू असे चार सूर सांभाळले. 1960 नंतरच्या एका वर्षी घरगुती अडचणीमुळे मला पुण्यास काकांकडे राहावे लागले. आपल्या माणसांत, आपल्या भाषेत चाललो आहे, याचा मला कोण आनंद! पहिल्याच दिवशी गुरुजींनी विचारले, “धडा वाचलास का?” मी सवयीने म्हणालो, “हौ, सर.” वर्ग खो खो हसला, गुरुजीही हसले. पुढे कित्येक दिवस ‘हौ’ हेच माझे नाव झाले. मी बोलणे कमी केले. वर्ष संपवून परत आलो तेव्हा माझे ‘होय’ आणि ‘नाही हो’ ऐकून येथील मुले मला पुणेरी म्हणून चिडवू लागली. तेव्हा मात्र एक शिक्षक माझ्या जवळ येऊन म्हणाले, “बाळ, तुला दोन्ही येतं. दोन्ही ठेव.” या एका वाक्याने मी सावरलो. पुढे मराठीचा अध्यापक झालो, दखनीशी मराठीचे नाते शिकवू लागलो, त्याचे मूळ त्या वाक्यात आहे.

या सर्व चरित्रांतून मला जे दिसते ते असे. मूल शाळेत रुळत नाही, तेव्हा त्याला काय येत नाही याची यादी आपण चटकन करतो. त्याला जे येते आणि आपल्याला येत नाही, त्याची चौकशी करीत नाही. ह्यूम, ॲबट, हीबर्ट ही नावे इतिहासात राहिली, कारण त्यांनी आपले दुसरे अर्धे टाकून दिले नाही. ज्यांनी ते लाजेपोटी टाकले, भाषा विसरली, त्या अनेकांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. शिक्षणाचा हिशोब मांडताना या अज्ञात मुलांनाही मोजले पाहिजे.

आज या शहरात परदेशातील नोकरी आटोपून परतलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. आईबाप म्हणतात, “आम्ही घरी आलो.” मूल मात्र परदेशी आलेले असते. त्याला मराठी समजते, पण वाचता येत नाही. त्याच्या उच्चारांना हसू येते. तसेच लातूर-नांदेडकडून बदलीने आलेले मूल, तसेच कामाच्या शोधात आलेल्या मजुराचे मूल. यांपैकी कोणीही वर्षाच्या मध्यावर या शाळेच्या दारात उभे राहिले, तर माझी शिक्षक बंधुभगिनींना विनंती आहे : पहिल्या दिवशी त्याची परीक्षा घेऊ नका. त्याच्या गावी, त्याच्या जुन्या शाळेत मुले कोणता खेळ खेळत, एवढेच विचारा, आणि तो खेळ वर्गाला शिकविण्यास त्याला सांगा. माजी विद्यार्थ्यांनाही सांगणे आहे. आपण जगभर विखुरलेले आहात, आपल्या मुलांच्या वाट्याला हाच अनुभव येणार आहे. त्यांना ‘तू कुठला?’ या प्रश्नाचे एकच उत्तर द्यावयास भाग पाडू नका.

गुरुवर्यांनी हे सर्व कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय ओळखले होते. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी माझे भाषण संपवितो.