पॉइंट टू टूची परीक्षा

डिसेंबर १९०७. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराच्या जत्रा-मैदानावर काही माणसं लाकडाचे ठोकळे हवेत भिरकावत होती आणि ॲड टॉपरवाइन नावाचा नेमबाज ते एकामागून एक टिपत होता. ठोकळा जेमतेम सव्वादोन इंचांचा. हा उद्योग दहा दिवस चालला. शेवटी हिशोब लागला तो असा: ७२,५०० ठोकळे, नेम चुकला नऊ वेळा. मधल्या एका टप्प्यात सलग १४,५४० ठोकळ्यांपैकी एकही सुटला नव्हता.

टॉपरवाइन हा विंचेस्टर कंपनीचा पगारी नेमबाज. गावोगाव नेमबाजीचे खेळ करायचे आणि कंपनीच्या बंदुकांचं नाव लोकांच्या तोंडी रुळवायचं, हे त्याचं काम. सॅन अँटोनियोत त्याच्या हातात होत्या कंपनीच्या 'मॉडेल १९०३' रायफली. चाप ओढला की गोळी सुटते, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत जाऊन बसतं, अशा जातीच्या. त्या दहा दिवसांत माणसाच्या नजरेची कमाल दिसली हे खरंच, पण कंपनीला दाखवायचं होतं वेगळंच. दिवसाला सरासरी सव्वासात हजार काडतुसं पोटात घालूनही हे यंत्र अडत नाही, हे लोकांना पटवायचं होतं. अशा अर्धस्वयंचलित पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंची, रायफलीबद्दल तेव्हा गिऱ्हाइकाच्या मनात शंका होती ती हीच, आणि आजही शूटिंग रेंजवर अशी रायफल तपासणारा माणूस आधी तेच बघतो. नेमाचा प्रश्न त्यानंतरचा.

ही शंका का होती, हे समजायला रायफल बाजूला ठेवून काडतूस हातात घ्यावं लागतं.

१८४५च्या सुमारास पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर याने घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजी करता यावी म्हणून एक इवलंसं काडतूस बनवलं. ठिणगी पाडणारी टोपी, तिच्या तोंडाशी एक छर्रा आणि दारू मुळीच नाही. १८५७ साली अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीने हीच कल्पना पुढे नेऊन आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी दारू भरलेलं काडतूस आणलं. पुढे ते 'पॉइंट टू टू शॉर्ट' म्हणून ओळखलं गेलं. त्यानंतर १८८७मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्टीव्हन्स कंपनीने लांब पुंगळीत ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी बसवली. हेच 'लाँग रायफल' काडतूस. जगभर कोट्यवधींनी खपणारं आणि खिशाला सगळ्यांत परवडणारं.

हे रिमफायर जातीचं काडतूस. मोठ्या काडतुसात बुडाच्या मधोमध प्रायमरची वेगळी टोपी असते. इथे ती नसते. पुंगळीच्या बुडाशी बाहेर आलेली कड आतून पोकळ ठेवतात. ओलं स्फोटक मिश्रण आत घालून पुंगळी गरगर फिरवली की ते त्या पोकळीत पसरतं. रायफलची पिन कडेवर आपटते, कड चेपते, ठिणगी पडते. बनवायला सोपं, म्हणून स्वस्त. पण याच रचनेत दोन खोडी आहेत. मिश्रण कडेभर सारखं पसरलं नसेल आणि पिन नेमकी मोकळ्या जागी आपटली, तर काडतूस पेटत नाही. शिवाय कड चेपता यावी म्हणून पुंगळीचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, त्यामुळे दाब बेताचाच ठेवणं भाग पडतं. थोडक्यात, या काडतुसाच्या अंगात जोर कमी.

आणि आपोआप भरणाऱ्या रायफलीला तर तो जोरच हवा असतो. तिच्यात बोल्ट, म्हणजे नळीमागचा सरकता धातूचा ठोकळा, कशात अडकवलेला नसतो. निव्वळ आपल्या वजनाने आणि मागच्या स्प्रिंगच्या रेट्याने तो पुंगळीच्या बुडाशी टेकून असतो. गोळी पुढे जाते तशी पुंगळी मागे रेटते, बोल्ट मागे सरकतो, पुंगळी बाहेर फेकतो आणि परत येताना नवं काडतूस ढकलतो. रेटा कमी पडला तर बोल्ट अर्ध्यातच थांबतो. जास्त झाला तर पुंगळी वेळेआधी बाहेर येऊन फाटते.

एकोणिसाव्या शतकातल्या काळ्या दारूने हे गणित जमणं कठीणच होतं. पाचपन्नास गोळ्यांत नळीत आणि बोल्टवर काजळीचा थर साचायचा. म्हणून मॉडेल १९०३ रचताना विंचेस्टरच्या टी. सी. जॉन्सन यांनी वेगळीच वाट धरली. त्यांच्या रायफलीसाठी कंपनीने स्वतंत्र काडतूस काढलं, तेही फक्त धूरविरहित दारूचं. त्याचं मापच वेगळं ठेवल्यामुळे दुकानातलं काळ्या दारूचं काडतूस कोणी घालू म्हटलं तरी बसणार नव्हतं. दहा काडतुसांची नळी दस्त्यात होती आणि पुढे नळीखाली एक दट्ट्या बाहेर आलेला होता. तो तळहाताने आत दाबला की पहिलं काडतूस चढायचं. सॅन अँटोनियोचे ठोकळे टिपले गेले ते याच खास काडतुसावर.

तोड नामी होती, पण गिऱ्हाइकाला ती महागात पडायची. गावातल्या दुकानात सहज मिळणारं काडतूस या रायफलीत चालत नव्हतं. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्याने १९१४पासून बनवलेली रायफल मात्र नेहमीच्या पॉइंट टू टूवर चालली. रिकामी पुंगळी ती खालच्या बाजूने टाकायची आणि मधून दोन तुकडे करून पेटीत ठेवता यायची. पुढे १९२०च्या दशकात नळीला गंज न आणणारं ठिणगीचं मिश्रण आलं. १९३०च्या आसपास जास्त वेगाची काडतुसंही बाजारात आली. आता रेट्याची चणचण संपली होती. १९३३ साली विंचेस्टरने आपल्या जुन्या रायफलीचं 'मॉडेल ६३' हे नवं रूप आणलं ते साध्या लाँग रायफल काडतुसासाठी. तीस वर्षांपूर्वीचं खास काडतूस मागे पडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर परीक्षेला बसलं ते प्लास्टिक. रेमिंग्टन कंपनी तेव्हा ड्यूपाँ या रसायन कंपनीच्या मालकीची होती आणि ड्यूपाँकडे नायलॉन होतं. १९५९मध्ये आलेल्या 'नायलॉन ६६' रायफलीचा दस्ता तर नायलॉनचा होताच, शिवाय बोल्टही नायलॉनच्याच खाचांतून सरकत असल्यामुळे त्याला तेल लागत नव्हतं. अक्रोडाच्या लाकडाची सवय असलेल्या शिकाऱ्यांनी नाकं मुरडली. रेमिंग्टनने जुनाच डाव टाकला. कंपनीचा नेमबाज टॉम फ्राय याने त्याच वर्षी हवेत उडवलेल्या १,००,०१० ठोकळ्यांवर नेम धरला आणि त्याचे चुकले फक्त सहा. टॉपरवाइनचा विक्रम मोडला, आणि प्लास्टिकची बंदूक पुढे दहा लाखांहून अधिक घरांत पोचली.

तरी सगळ्यांत लांब पल्ला गाठला तो १९६४ साली आलेल्या रूगर कंपनीच्या '१०/२२' या रायफलीने. सुरुवातीची किंमत होती ५४ डॉलर ५० सेंट. तिचं मर्म मॅगझिनमध्ये आहे. लाँग रायफल काडतूस साधारण इंचभर लांबीचं. पुंगळी ५.७ मिलिमीटर जाड, पण बुडाची कड ७ मिलिमीटरच्या थोडी वर. अशी काडतुसं सरळ पेटीत एकावर एक रचली आणि वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली, की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बोल्ट कितीही ढकलो, हलत नाहीत. रूगरने पेटीच टाळली. दहा खाचांचं एक चक्र स्प्रिंगवर फिरतं. प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत बसतं, त्यामुळे कडेला कड लागण्याचा प्रश्नच उरत नाही. वरचं काडतूस पोलादी ओठांतून थेट नळीच्या तोंडाशी जातं. शिवाय नळी दोन स्क्रूंनी धरलेली असल्यामुळे घरच्या टेबलावरही बदलता येते. त्यातून या एका रायफलीचे सुटे भाग बनवणारा एक अख्खा धंदा अमेरिकेत उभा राहिला. तिची विक्री अर्ध्या कोटीच्या पुढे गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

एव्हाना परीक्षेची पद्धतही बदलली होती. हवेतल्या ठोकळ्यांऐवजी बाकावर वाळूच्या पिशव्या आल्या. पिशव्यांवर रायफल टेकवायची म्हणजे हाताची थरथर वजा होते. अंतर बहुधा ५० यार्ड. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनचं 'अमेरिकन रायफलमन' हे मासिक अनेक वर्षं पाच गोळ्यांचा एक, असे सलग पाच ग्रुप मोजत आलं. आपल्याकडे एनसीसीच्या कॅडेटला 'ग्रुपिंग' शिकवतात, तोच हा प्रकार. कागदावरच्या सगळ्यांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर बाहेरच्या कडांपासून घ्यायचं आणि त्यातून गोळीची जाडी वजा करायची. काडतुसाचा ब्रँड बदलला की आधी काही गोळ्या नुसत्याच झाडायच्या, कारण गोळीवर चढवलेलं मेण प्रत्येक कारखान्याचं वेगळं असतं आणि नव्या मेणाचा थर नळीत बसेपर्यंत ग्रुप विखुरलेला येतो.

या सगळ्यात परीक्षकाचा एक कान बोल्टच्या आवाजावर असतो. पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभीच अडकली, काडतूस तिरकं जाऊन शिशाचं नाक चेपलं, चाप ओढूनही नुसतीच 'टक' झाली, यातल्या प्रत्येक अडथळ्याची तो नोंद घेतो. 'टक' झाली तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं असतं, कारण एखादं काडतूस उशिरा पेटतं. मग ते काढून कडेवरची पिनची खूण बघायची. खूण खोल असेल आणि काडतूस फिरवून घातल्यावर पेटलं, तर दोष मिश्रणाचा. खूण उथळ असेल, तर दोष रायफलीचा. आणि रायफल मुद्दाम न पुसता शेकडो गोळ्या झाडल्या, की मेण, शिसं आणि काजळीचा लगदा बोल्टच्या तोंडाशी साचून कुठल्या टप्प्यावर अडचण सुरू होते तेही कळतं.

नेम आणि यंत्र यांचं भांडण इथेच उघडं पडतं. यंत्राला रेटा हवा, म्हणून त्याला जास्त वेगाची काडतुसं मानवतात. पण ती गोळी ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि वाटेत तो वेग ओलांडून खाली येताना डळमळते. नेमबाजीच्या स्पर्धेतली गोळी म्हणून मुद्दामच ध्वनीपेक्षा थोड्या कमी वेगाची, साधारण सेकंदाला ३२५ ते ३३० मीटर ठेवतात. ती कागदावर गोड ग्रुप देते, मात्र कित्येक रायफलींचा बोल्ट पुरता मागे नेत नाही. चांगली अर्धस्वयंचलित रायफल म्हणजे या दोघांत समेट घडवणारी.

ऑलिम्पिकने हा समेट नाकारला. ५० मीटर रायफलच्या नियमांत प्रत्येक गोळी हाताने भरायची असते, यंत्राला तिथे प्रवेशच नाही. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असल्यामुळे खेळाडू रायफलीइतकीच काडतुसंही पारखतात. बर्मिंगहॅमच्या ईली कारखान्यात आपली नळी घेऊन जायचं आणि तिला मानवणारा लॉट निवडून घ्यायचा, हा जगभरच्या नेमबाजांचा रिवाज आहे. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ५९७ गुण मिळवून विश्वविजेती झाली, स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं, ते याच हाताने भरायच्या पॉइंट टू टूवर. या दोघांसारख्याच कोल्हापूरच्या राही सरनोबतच्या हातात मात्र आपोआप भरणारं पॉइंट टू टू पिस्तूल होतं. २५ मीटरच्या त्या प्रकारात ते चालतं, आणि २०१८च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकलं.

या रायफलीला आणखी एका परीक्षेला सामोरं जावं लागलं, कायद्याच्या. ऑगस्ट १९८७मध्ये इंग्लंडच्या हंगरफर्ड गावात गोळीबाराचं हत्याकांड झालं. पुढच्याच वर्षी ब्रिटनने अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घातली, पण पॉइंट टू टू रिमफायर वगळून. मार्च २०१९मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर न्यूझीलंडनेही तसंच केलं आणि मॅगझिन जास्तीत जास्त दहा काडतुसांचं असावं अशी अट घातली. रूगरच्या फिरत्या चक्रात १९६४पासून दहाच खाचा आहेत. ऑस्ट्रेलियाने मात्र १९९६च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर या रायफलीलाही वेगळ्या, कडक वर्गात टाकलं. तिथल्या शेतकऱ्याला ससे मारायला ती हवी असेल, तर दुसऱ्या साध्या बंदुकीने काम का भागत नाही हे त्याला परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं.